रूट कॅनाल झालेली दाढ पुन्हा दुखते तेव्हा

‘नस तर काढून टाकली, मग आता दुखतंय काय?’ वस्तीतल्या एका ताईंनी मला विचारलं. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनाल दोन वर्षांपूर्वी झालेलं, कॅपही बसवलेली. आता भाकरी चावताना ठणका, आणि हिरडीवर एक पुटकुळी. ती फुटून पू यायचा, पुन्हा भरायची. मेडिकलमधून गोळ्या आणून त्यांनी चार महिने काढले होते.

नस काढली तरी मुळाभोवतीचं हाड जिवंतच असतं. दाढेत जंतू उरले तर ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. दुखतं ते तिथं.

जंतू उरतात कसे? या दाढेला मुळं तीन, पण आतल्या नळ्या बहुतेकदा चार. गालाकडच्या पुढच्या मुळात दोन असतात. त्यातली दुसरी फार बारीक, तिचं तोंड झाकलेलं. राहून जाते ती बहुधा हीच. साध्या एक्स-रेत दोन्ही एकामागे एक येतात, म्हणून एकच दिसते. त्यामुळे राहिलेली प्रत्येक नळी म्हणजे हलगर्जीपणा, असं मी म्हणणार नाही. पण पेशंट दुखतंय म्हणून परत येतो आणि नुसत्या गोळ्या लिहून दिल्या जातात, हे मला पटत नाही. नस काढलेल्या दाढेच्या आत रक्त जात नाही, तिथं अँटिबायोटिक पोचणार कसं?

अशी दाढ पुन्हा उघडतात. भूल देऊन कॅप काढतात, जुना भराव बारीक फायलींनी उकरतात, तिरका एक्स-रे किंवा सीबीसीटी स्कॅन काढून राहिलेली नळी शोधतात. सगळ्या नळ्या धुऊन, आत औषध ठेवून, पुढच्या खेपेला भरतात. लाळ आत जाऊ नये म्हणून दाढेभोवती रबराचा पडदा लावतात. तो लावणार का, हे बिनधास्त विचारा.

ताईंना ‘काढून टाका’ असाच सल्ला मिळाला होता. मुळाला उभी चीर गेली असेल तर काढावीच लागते, पण तसं आहे का हे आधी विचारा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत हे काम खासगीपेक्षा बरंच स्वस्त होतं. जुना एक्स-रे सोबत न्या. गाल सुजला, ताप आला किंवा तोंड उघडेना, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ताईंची चौथी नळी दुसऱ्या खेपेला सापडली. पुटकुळी बुजली. नव्या कॅपसाठी त्यांनी भिशी आधी उचलली, कारण कॅपवाचून अशी दाढ तडकते.