निर्वासितांची भाजीशेती आणि हंगामाची वर्गणी

भाजीच्या धंद्यांत पीक हातीं येण्यापूर्वीं पैसा जातो आणि पीक हातीं आल्यावर भाव जातो, हा अनुभव वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. यावर जी एक तोड निघाली आहे तिची माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शहरांतील कुटुंबांनीं हंगामाच्या आरंभींच शेतकऱ्यास ठराविक वर्गणी द्यावी आणि दर आठवड्यास शेतांत जें निघेल त्याचा वांटा घ्यावा, अशी ही रीत आहे. पीक साधलें तर वांटा मोठा, गारपीट झाली तर लहान. म्हणजे वर्गणीदार हा नुसतें गिऱ्हाईक नसून जोखमीचा भागीदार होतो. अमेरिकेंत १९८६ सालीं मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशर या प्रांतांतील दोन शेतांवर तिचा आरंभ झाला.

तिचा खरा कस निर्वासितांच्या बाबतींत लागला. लाओस देशांतील डोंगराळ मुलखांत राहणारे म्होंग लोक १९७५ च्या राज्यक्रांतीनंतर मेकाँग नदी उतरून थायलंडच्या छावण्यांत आले व तेथून हजारों कुटुंबें अमेरिकेच्या मिनेसोटा प्रांतांत वसलीं. भाषा परकी, हिंवाळा बर्फाचा. हातीं विद्या एकच, ती शेतीची. त्यांनीं सेंट पॉल शहराच्या बाजारांत भाजी आणून जम बसविला. परंतु जमीन खंडाची, आणि खंड बहुधा सालोसालचा. पुढील वर्षीं शेत आपल्याकडे राहील कीं नाहीं याची शाश्वति नसे.

म्हणून २०११ सालीं या शेतकऱ्यांनीं आपला संघ काढला. शहराच्या दक्षिणेस १५५ एकरांचें शेत संघाकडे आलें. त्याचे तुकडे कुटुंबांस कसावयास दिले जातात, आणि त्यांची भाजी एकत्र करून संघ वर्गणीदारांस व इतर गिऱ्हाइकांस पुरवितो. २०२२ सालीं तें शेत संघानें विकतही घेतलें.

यांतील मर्म आम्हांस आमच्या जुन्या चाकरीमुळें अधिक जाणवतें. महसूल खात्यांत कारकून असतांना गांवोगांव आम्ही पाहत असूं कीं, एकाच शेतांत दरसाल निराळा माणूस राबे, परंतु पीकपाहणीच्या कागदावर त्याचें नांव नसे. अशा शेतांत शेणखताची गाडी पडत नसे आणि फुटलेला बांध तसाच राही. खत एकानें घालावें आणि त्याचा गुण पुढील सालीं दुसऱ्यानें घ्यावा, हें कोणास परवडेल? मालकास १९४८ च्या कुळकायद्याचें भय वाटे, व तें अगदींच खोटें होतें असें म्हणवत नाहीं. पण त्या भयापायीं जमीनही खंगे आणि माणूसही.

ज्यांस ही रीत करून पाहावयाची असेल त्यांनीं थोडक्यांत आरंभ करावा. वीस कुटुंबांस आठवड्यास चार किलोप्रमाणें ऐंशी किलो भाजी लागेल. सोळा आठवड्यांचे १२८० किलो होतात. याहून अधिक वर्गणीदार पहिल्या सालीं घेऊं नयेत. मेथी, कोथिंबीर एकदम न पेरतां दर पंधरवड्यास थोडी थोडी पेरावी, नाहींतर एका आठवड्यास ढीग व दुसऱ्या आठवड्यास रितें टोपलें अशी गत होते. वर्गणीचा हिशेब स्वतंत्र वहींत ठेवावा; घरखर्चांत मिसळूं नये. आणि जे मालक दुसऱ्याकडून भाजी करवितात त्यांनीं वकिलाचा सल्ला घेऊन, किती सालें जमीन देणार हें आधींच लेखी ठरवावें.

गिऱ्हाइकानें हंगामाचा भरंवसा दिला तरी जमिनीचा भरंवसा मालकानेंच द्यावयाचा असतो. एकावांचून दुसरा पुरा पडत नाहीं.