इमारत पाहावी कशी?

[जुन्या इमारतींकडे आपण आदराने पाहतो. विसाव्या शतकातील आधुनिक इमारतींच्या वाट्याला हा आदर क्वचितच येतो. दिल्लीतील अशाच एका इमारतीची हकिकत सांगून, इमारत कशी पाहावी आणि तिचे छायाचित्र कसे घ्यावे, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, सहलीला गेल्यावर तुम्ही कशाची छायाचित्रे काढता? किल्ल्याची, लेण्यांची, जुन्या मशिदीची, ताजमहालाची. पण वाटेत एखादे काँक्रीटचे सभागृह किंवा बसस्थानक लागले, तर तुम्ही त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. "त्यात काय पाहायचे? नुसते सिमेंट तर आहे!" असे म्हणून आपण पुढे जातो. 'इमारत' हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. इमारत पाहण्याची कला मात्र आपण सर्वांनीच शिकायला हवी.

देश स्वतंत्र झाला, तेव्हा नव्या शाळा, कचेऱ्या, वसाहती आणि सभागृहे हवी होती. हाताशी पैसा कमी होता. अशा वेळी आपल्या वास्तुविशारदांनी नवी वाट धरली. त्यांनी भिंतींवर नक्षीकाम केले नाही. काँक्रीट आणि वीट अनेकदा रंग न देता तशीच उघडी ठेवली. मग या इमारतींचे सौंदर्य कशात आहे? ते आहे आकारात, प्रमाणात आणि ऊन-सावलीच्या खेळात. कोकणातील आचरे गावी जन्मलेले अच्युत कानविंदे हे या पिढीतले एक मोठे वास्तुविशारद. दुसरे हबीब रहमान. दिल्लीत जामा मशिदीजवळ मौलाना अबुल कलाम आझाद यांची साधी, देखणी मजार आहे. तिची रचना त्यांचीच.

आता एका इमारतीची गोष्ट ऐका. १९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने दिल्लीच्या प्रगती मैदानावर एक आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरणार होता. त्यासाठी 'हॉल ऑफ नेशन्स' हे भव्य प्रदर्शनगृह बांधण्यात आले. वास्तुविशारद होते राज रेवाल आणि अभियंते होते महेंद्र राज. वरचे टोक कापलेल्या पिरॅमिडसारखा तिचा आकार होता. आतली जागा सत्तर मीटरांहून अधिक रुंद होती आणि तिच्या मध्ये एकही खांब नव्हता!

हे कसे साधले? काड्या जोडून तुम्ही त्रिकोण करून पाहा. चौकोन दाबला की वाकडा होतो. त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. असे असंख्य त्रिकोण एकमेकांना जोडले, की मजबूत सांगाडा तयार होतो. त्याला खांबांचा आधार फारसा लागत नाही. असे सांगाडे सहसा पोलादाचे करतात. पण त्या काळी आपल्याकडे पोलाद महाग होते आणि काम करणारे हात भरपूर होते. म्हणून हा सांगाडा काँक्रीटचा करायचे ठरले. कामगारांनी सळ्या बांधल्या, साचे लावले आणि एकेक दांडा जागच्या जागी ओतून घडवला. इतका मोठा काँक्रीटचा सांगाडा त्यापूर्वी जगात कोणी उभारला नव्हता.

त्या सांगाड्याचा आणखी एक उपयोग होता. तो चांगला जाड होता. त्यामुळे कडक ऊन थेट आत येत नसे, उजेड मात्र येई. मुघल इमारतींतील दगडी जाळी तुम्ही पाहिली असेल. तिचे कामही हेच. म्हणजे जुन्या जाळीचाच हा नवा अवतार होता.

मदन महाट्टा या छायाचित्रकाराने या इमारतीची कृष्णधवल छायाचित्रे घेतली. दिल्लीतील अनेक आधुनिक इमारती नव्या होत्या, तेव्हाच त्यांनी त्या कॅमेऱ्यात टिपून ठेवल्या. नव्या इमारतीची एवढी निगुतीने छायाचित्रे कशाला घ्यायची, असे तेव्हा कोणाला वाटलेही असेल. त्याचे उत्तर पुढे काळानेच दिले.

त्या जागी नवे, मोठे संमेलन केंद्र उभारायचे ठरले. देशातील आणि परदेशांतील अनेक वास्तुविशारदांनी 'ही इमारत पाडू नका' अशी विनंती केली. प्रकरण न्यायालयातही गेले. परंतु वारसा म्हणून विचार व्हायला इमारत किमान साठ वर्षांची हवी, असा निकष लावण्यात आला. हॉल ऑफ नेशन्सचे वय होते अवघे पंचेचाळीस! एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत ती जमीनदोस्त झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१६ साली, चंदीगडमधील ल कॉर्ब्युझिए यांच्या आधुनिक इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला होता. एका ठिकाणी सन्मान, तर दुसऱ्या ठिकाणी हातोडा. २०२३ साली प्रगती मैदानावर 'भारत मंडपम्' हे नवे केंद्र सुरू झाले. जुने प्रदर्शनगृह आता आराखड्यांत, आठवणींत आणि छायाचित्रांतच उरले आहे.

म्हणून मित्रांनो, इमारत आहे तोवर तिला नीट पाहा. मोबाइल बाहेर काढण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा. ती कशासाठी बांधली? वारा कुठून येतो? तिचा भार कशावर उभा आहे? हे प्रश्न स्वतःला विचारा.

मग वेळ निवडा. भर दुपारी ऊन डोक्यावर असते. तेव्हा छज्जे आणि खाचा सपाट दिसतात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन पडते आणि प्रत्येक बाजू सावलीने उठून दिसते. अगदी जवळ उभे राहून मोबाइल वर वळवला, तर भिंती मागे कललेल्या दिसतात. त्यापेक्षा दूर जा आणि मोबाइल सरळ धरा. चित्रात एखादा माणूस असू द्या; म्हणजे इमारतीची उंची पाहणाऱ्याला कळेल.

त्यानंतर जवळ जा. उघड्या काँक्रीटवर बोटे फिरवा. साच्याच्या फळ्यांचे ठसे तेथे पुष्कळदा सापडतात. लाकडाच्या रेषासुद्धा दिसतात. ज्या कामगारांनी त्या फळ्या लावल्या, त्यांची नावे कोठेही कोरलेली नसतात. ते ठसे हीच त्यांची सही. तिचेही एक छायाचित्र घ्या.

दोन गोष्टी विसरू नका. जेथे छायाचित्र घेण्यास मनाई आहे, तेथे घेऊ नका. एरवीही परवानगी विचारा. आणि प्रत्येक छायाचित्राबरोबर ठिकाण व तारीख लिहून ठेवा. मोबाइल नसला तरी अडत नाही. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापा, तिच्यातून पाहा आणि जे दिसेल ते वहीत रेखाटा.

तुमच्या गावातही १९५० ते १९८० च्या दरम्यान बांधलेले एखादे वाचनालय, टपाल कचेरी किंवा पाण्याची टाकी असेल. कदाचित तुमची शाळाच तशी असेल. ती अजून साठ वर्षांची झाली नसेल, पण तुमच्या नजरेने तिचे वय मोजत बसण्याचे कारण नाही. उद्या शाळेत येताना फाटकाशी क्षणभर थांबा आणि वर पाहा.

शब्दार्थ
वास्तुविशारद – इमारतीची रचना ठरवणारा तज्ज्ञ
कृष्णधवल – काळा-पांढरा
निगुतीने – काळजीपूर्वक, नीटनेटकेपणाने
निकष – कसोटी
जमीनदोस्त होणे – पूर्णपणे पाडले जाणे
छज्जा – खिडकीवर पुढे आलेला भाग

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हॉल ऑफ नेशन्स कोणत्या निमित्ताने बांधण्यात आला?
(आ) सांगाडा पोलादाऐवजी काँक्रीटचा का केला?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) भर दुपारी इमारतीचे छायाचित्र घेऊ नये.
(आ) हॉल ऑफ नेशन्सला वारशाचे संरक्षण मिळाले नाही.
प्र. ३. 'ते ठसे हीच त्यांची सही' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
प्र. ४. पाठातील, उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.
उपक्रम : तुमच्या परिसरातील एका आधुनिक इमारतीचे छायाचित्र किंवा चित्र काढून तिच्याविषयी आठ ओळी लिहा.