रोज सकाळी दोन्ही दंड मोज

पोरी, तुझ्या लेकाच्या ब्लड कॅन्सरच्या उपचाराचा पहिला महिना चालू आहे म्हणून आत्ताच सांगते. माझ्या नातवाच्या वेळी आम्ही मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचो, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरायचो. तिथल्या बायकांनी शिकवलं ते डॉक्टरांना विचारून पक्कं केलं, तेवढंच सांगते.

ब्लड कॅन्सरमध्ये रक्त वाहण्याची भीती सगळेच घालतात, गुठळीचं कुणी बोलत नाही. अ‍ॅस्परॅजिनेज नावाचं इंजेक्शन कॅन्सरच्या पेशींचं अन्न तोडतं, पण त्यानं रक्त गोठू न देणारी यकृतातली प्रथिनंही कमी होतात. वर स्टेरॉइड, आणि शिरेत बसवलेली नळी. प्लेटलेट कमी असल्या तरी गुठळी होते, हे पक्कं ध्यानात ठेव. १० वर्षांवरच्या पोरांना जास्तच जपावं लागतं.

सकाळी तोंड धुतलं की दोन्ही दंड मोज. मी साधा दोरा घ्यायचे. ड्रेसिंगच्या वर दंडाभोवती धरायचा, जुळेल तिथं पेनानं खूण करायची आणि काढून घ्यायचा. बांधायचा नाही. एका सकाळी नळीच्या हाताची खूण बोटभर कमी पडली. हात दुखत नव्हता, लालही नव्हता. त्याच दिवशी दाखवलं, सोनोग्राफीत गुठळी निघाली.

सुजलेल्या हातापायाला तेल चोळू नकोस, शेक देऊ नकोस. सासूबाईंनी देवाचा गंडा आणला तर उशाशी ठेव, नळीच्या हाताला नको. दुखतंय म्हणून मेडिकलमधून मनानं गोळी आणू नकोस. उलट्या-जुलाब लागले तर अंगातलं पाणी कमी होतं, लगेच कळव.

सगळ्यात जपायचं ते डोकं. डोकं दुखून उलटी झाली, अंधुक दिसलं, बोलणं अडखळलं, एक हात लुळा पडला, झटका आला, तर उन्हाचं किंवा दृष्टीचं म्हणून बसू नकोस. मेंदूतल्या शिरेतही गुठळी होते. छातीत दुखलं, दम लागला तरी तसंच. मुंबईच्या गाडीची वाट बघू नकोस. सांगली, मिरज, कराड, सातारा, जवळ असेल त्या मोठ्या दवाखान्यात आधी ने, आणि वाटेतूनच आपल्या डॉक्टरांना फोन लाव.

गुठळीवर पोटाच्या कातडीत हेपॅरिनची इंजेक्शनं देतात. ती ठरल्या वेळी दे, मनानं बंद करू नकोस. पण पाठीतलं इंजेक्शन ठरलं की हेपॅरिन चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांग, मध्ये किती वेळ थांबायचं ते तेच सांगतील.

आता ऊठ, वॉर्डाचा नंबर आणि अ‍ॅस्परॅजिनेजची शेवटची तारीख फाइलीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही.