गाडी चावते, काका

‘सर, आमच्याकडून क्लोज झालंय.’ हे वाक्य मी जुलै ते सप्टेंबर या काळात अकरा वेळा ऐकलं. वहीत तारखेनिशी लिहून ठेवलं आहे. शोरूमवाले म्हणतात, चार्जर बसवणं आमचं काम नाही, ते एजन्सीचं. एजन्सी म्हणते, डब्यात काही दोष नाही, तुमच्या बिल्डिंगमध्ये आहे. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, ‘तुम्हाला कुणी सांगितली होती इलेक्ट्रिक गाडी घ्यायला?’ तिघेही बोलतात ते वीतभर वायरच्या एका तुकड्याबद्दल. त्या तुकड्यापायी आमच्याकडे गाड्या पुसणाऱ्या मुलाचा जीव जाता जाता राहिला, त्याबद्दल मात्र तिघांपैकी कुणी चकार शब्द काढत नाही.

गाडीबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. गाडी उत्तम आहे.

आमची इमारत कोथरूडमधली, 1991 सालची. गाडीबरोबर 7.2 किलोवॉटचा घरगुती चार्जर ‘फ्री’ मिळाला. जूनमध्ये एजन्सीचा पोरगा आला. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत केबल ओढली, भिंतीवर डबा ठोकला, बटण दाबलं आणि डब्यावर लाल दिवा लागला. ‘अर्थिंग मिळत नाहीये, सर. खड्डा घ्यावा लागेल. साडेनऊ हजार.’ मला वाटलं, झालं, ‘फ्री’ची वसुली सुरू झाली. मी म्हणालो, तीस वर्षं फ्रिज चालतोय, वॉशिंग मशीन चालतंय, अर्थिंग नाही कसं? त्यानं बाजूला जाऊन कुणाला तरी फोन केला. परत येऊन डब्याचं झाकण उघडलं, अर्ध्या तासात काहीतरी केलं आणि हिरवा दिवा लागला. मी त्याला चहापाण्याला दोनशे रुपये दिले. त्या दोनशे रुपयांची आठवण आली की अजून कान गरम होतात.

जुलैत एके सकाळी गाडी पुसणारा मुलगा म्हणाला, ‘काका, गाडी चावते.’ मी हसलो. म्हणालो, अरे, थंडीत स्वेटर काढताना चटका बसतो ना, तसं ते. बाहेर पुण्याचा पाऊस लागलेला, भिंतींना ओल आलेली. अशा हवेत स्वेटरची वीज कुठून येणार? मी विज्ञानाचा पदवीधर आहे. दुसऱ्या दिवशी तो परत म्हणाला, तेव्हा मी ‘बघू’ म्हणालो.

तिसऱ्या दिवशी बादली आदळल्याचा आवाज आला. मी खाली गेलो तर तो ओल्या फरशीवर बसलेला, एक चप्पल लांब पडलेली, उजवा हात खांद्यापासून बधिर. चार्जरची गन गाडीला लावलेलीच होती. रात्री लावायची आणि सकाळी निघताना काढायची, ही माझी पद्धत. मी धावत जाऊन चार्जरची एमसीबी पाडली आणि निर्धास्त झालो.

आमच्या जुन्या वायरमनना सगळे भाऊ म्हणतात. ते वीस मिनिटांत आले. कुंडीशेजारच्या ओल्या मातीत त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खुपसला, मल्टिमीटरची एक पिन त्याला आणि दुसरी गाडीच्या उघड्या बोल्टला लावली. 64 व्होल्ट. आणि एमसीबी तर बंद होती! मी दोनदा जाऊन पाहिली. भाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी मुलाला वर पाठवून तीन घरांतले गीझर बंद करायला लावले. आकडा उतरत उतरत 20 वर आला. मग त्यांनी गाडीची गन काढली. शून्य.

कोरड्या अंगाला साधारण 50 व्होल्टपर्यंतचा स्पर्श सहन होण्याजोगा धरतात. ओल्या अंगाला त्याच्या निम्मासुद्धा जास्त. मुलाचे पाय ओले होते.

डब्याचं झाकण उघडल्यावर ती वायर दिसली. न्यूट्रलच्या टर्मिनलवरून थेट अर्थच्या टर्मिनलवर मारलेला जंपर. चार्जर सुरू होण्याआधी अर्थ आहे का हे तपासतो, नसला तर लाल दिवा दाखवतो. पोरानं न्यूट्रललाच अर्थ म्हणून उभं केलं होतं. आमच्या मीटर रूममध्ये न्यूट्रलचा मुख्य जोड ढिला होऊन काळा पडला होता. त्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावर दोन बल्ब उडाले होते, ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. सकाळी सगळ्यांचे गीझर लागले की न्यूट्रलवर व्होल्टेज चढायचं आणि ते जंपरमधून, गनमधून माझ्या गाडीच्या पत्र्यावर यायचं. गाडी रबरी टायरांवर उभी. जमिनीकडे जायला वाट एकच, तो मुलगा.

आरसीसीबी होती ना, असं सगळे विचारतात. होती, 30 मिलिअँपिअरची, चांगल्या कंपनीची. ती जाणारा आणि परत येणारा करंट सारखा आहे का एवढंच बघते. जंपर तिच्या आधी मारलेला होता. हा करंट तिच्यातून गेलाच नाही, ती पडणार कशी? एमसीबीचंही तेच. अर्थची वायर कुठल्याच स्विचमधून जात नाही, जाऊही नये. म्हणून चार्जर बंद करूनही गाडी जिवंत होती. मी निर्धास्त होतो त्या वीस मिनिटांत दुसऱ्या कुणी हात लावला असता तर काय झालं असतं, हा विचार मला अजून रात्री जागा करतो.

एजन्सीच्या सुपरवायझरनं फोनवर मला शिकवलं, ‘सर, न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीतच गेलेला असतो. दोन्ही एकच आहेत.’ वाक्य खरं आहे, म्हणून तर ते फसवं आहे. ट्रान्सफॉर्मरपासून माझ्या डब्यापर्यंत न्यूट्रलला कितीतरी जोड असतात आणि त्यातून चोवीस तास करंट वाहतो. अर्थमधून एरवी काहीच वाहायचं नसतं. एक जोड सुटला की दोन्ही एक राहत नाहीत, आणि तो सुटल्याचं तुम्हाला कुणी कळवत नाही.

पण खरा संताप आला तो कागद पाहून. एजन्सीच्या अहवालात, माझ्या सहीच्या वरच, लिहिलं होतं: न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज 0.0, अर्थिंग ओके. मी तोच कागद भाऊंना पुरावा म्हणून दाखवला, की बघा, तेव्हा तर सगळं ठीक होतं. ते हसले. ‘साहेब, इतकं चांगलं अर्थिंग सबस्टेशनातसुद्धा नसतं.’ चालू घरात न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्ट-दोन व्होल्ट असतातच. नेमका शून्य म्हणजे दोन्ही तारा तिथेच एकमेकींना बांधलेल्या. पुरावा माझ्याच फाइलमध्ये होता आणि मी तो जपून लॅमिनेट केला होता!

ज्यांच्याकडे चार्जर बसायचाय त्यांनी एवढं करावं. गाडी बुक करण्याआधी इमारतीचं अर्थिंग तपासून घ्या, तेही अर्थ टेस्टरनं, जमिनीत खुंट्या ठोकून ओहममध्ये. बल्ब लावून केलेली तपासणी चालत नाही, जंपर असला तरी बल्ब लख्ख पेटतो. आमचा जुना खड्डा शोधला तर सापडेना. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा त्याचं झाकण खाली गाडलं गेलं होतं, पाणी घालायचं तर दूरच. ब्लॉक कुणी बसवून घेतले ते मी इथे लिहीत नाही. सेक्रेटरींना ठाऊक आहे.

चार्जर बसला की झाकण उघडून आतला फोटो काढा, सही त्यानंतर. शिवाय परवानाधारक वायरमनकडून एक तपासणी करून घ्या. गन काढून ठेवायची, न्यूट्रलसकट तोडणारा मेन स्विच बंद करायचा आणि न्यूट्रल ते अर्थ मल्टिमीटरची बीप वाजते का बघायचं. वाजली तर कुठेतरी जंपर आहे. स्वतः करू नका. कागद वाचून सही करा, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो. ‘अर्थिंग ग्राहकाच्या जबाबदारीत’ हे बारीक अक्षरांत होतं, मी वाचलं नव्हतं.

आणि गाडी चावते असं कुणी म्हणालं, तर आधी रबरी चप्पल घालून, कोरड्या हातानं गन काढा. स्विच बंद करून थांबू नका. घरातले दिवे मध्येच प्रखर किंवा मंद होत असतील तर न्यूट्रल ढिला असू शकतो. मीटरच्या अलीकडे असेल तर वायरमन, पलीकडे असेल तर महावितरणचा 1912.

काही जण सांगतात, भिंतीवरचा डबाच नको, साधा 16 अँपिअरचा प्लग बरा. त्यांना कळतच नाही. डबा हा चार्जर नव्हेच, चार्जर गाडीच्या पोटात असतो. डबा फक्त वीज सोडायची की नाही आणि किती, ते ठरवतो. अर्थ खराब असेल तर साध्या प्लगवरही तीच गाडी, तोच पत्रा. उलट डब्यानं लाल दिवा लावून खरं सांगितलं होतं. आम्हीच त्याचं तोंड बंद केलं.

आम्हीच म्हणतो, कारण साडेनऊ हजार वाचवणारा मी होतो, हे मान्य आहे. पण मी बँकेत नोकरी केली, तारा जोडायला तो आला होता. मला खड्डा नको असेल तर त्यानं लाल दिवा तसाच ठेवून निघून जायचं होतं. दिवसाला ठरावीक चार्जर बसवायचे, प्रत्येकाचे ठरलेले पैसे. त्या पोरापेक्षा त्याला फोनवर युक्ती सांगणाऱ्यावर माझा राग जास्त आहे. या सगळ्यात एजन्सीचा मेसेज आला, आमच्या सेवेला किती स्टार द्याल?

नवीन खड्डा घेतला, चौदा हजार लागले, माझेच. रीडिंग 2.8 ओहम. न्यूट्रल-अर्थ 1.7 व्होल्ट. तो आकडा पाहिला की बरं वाटतं.

मुलाचा हात आठवड्यात बरा झाला. औषधाचे आणि बुडालेल्या दिवसांचे पैसे मी दिले, त्यानं मागितले नव्हते. गाडी अजून तोच पुसतो. रोज सकाळी खालून हाक येते, ‘काका, गन काढली का?’ काढली म्हटलं तरी तो आधी स्वतः येऊन बघतो.