दुसऱ्या खेपेचे स्तनपान

प्रसूतिगृहात परिचारिका बाळंतिणीच्या खाटेजवळ येते, तेव्हा ‘कितवी खेप?’ हा तिचा बहुधा पहिला प्रश्न असतो. ‘पहिली’ असे उत्तर आले तर बाळाला अंगावर कसे घ्यावे, त्याच्या मानेला आधार कसा द्यावा, किती वेळा पाजावे, हे सारे समजावून सांगितले जाते. ‘दुसरी’ असे उत्तर आले की ‘मग तुला सारे ठाऊकच आहे’ असे म्हणून ती पुढच्या खाटेकडे वळते. पहिलटकरणीला मदतीची गरज अधिक असते, हे खरेच. तथापि दुसऱ्या खेपेच्या मातेला काहीच सांगावे लागत नाही, ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. तिचे शरीर पहिल्या वेळेपेक्षा अधिक तयार असते. पण दुसऱ्या बाळाला किती दिवस व कसे पाजले जाईल हे पुष्कळदा पहिल्या वेळच्या आठवणीवर आणि घरातील परिस्थितीवर ठरून जाते.

शरीराची तयारी

दूध तयार करणाऱ्या ग्रंथींची वाढ गरोदरपणातच होते. बाळंतपणात वार पडली की रक्तातील प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास दूध भरून येऊ लागते. तोपर्यंत येणारा चीक थोडा असला तरी नवजात बालकाला तो पुरेसा असतो. पहिल्या दिवशी बाळाचे पोट एका वेळी काही चमच्यांपेक्षा अधिक मागतच नाही. पहिलटकरणीच्या बाबतीत दूध भरून येण्यास तीन दिवसांहून अधिक काळ लागल्याचे तुलनेने अधिक आढळते. दुसऱ्या खेपेला ते सामान्यतः लवकर उतरते.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जेनी इनग्रॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ मातांच्या दुधाचे प्रमाण दोन्ही बाळंतपणांनंतर मोजले. त्यांचे निष्कर्ष २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या बाळाच्या वेळी सरासरी ३१ टक्के अधिक दूध आले आणि पाजण्यास लागणारा वेळ सुमारे २० टक्क्यांनी कमी झाला. बावीस ही संख्या लहान आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या वेळी ज्या मातांना सर्वांत कमी दूध आले होते, त्यांच्यातच दुसऱ्या वेळची वाढ सर्वांत मोठी, म्हणजे जवळजवळ ९० टक्के होती. ‘मला दूध येतच नाही’ असे मनाशी ठरवून बसलेल्या मातेला सांगण्यासारखी याहून चांगली बातमी दुसरी नाही.

असे का होते, याचा उलगडा अद्याप पूर्णपणे झालेला नाही. पहिल्या वेळच्या पाजण्याने ग्रंथींमधील पेशी दुधाच्या संप्रेरकाला अधिक लवकर प्रतिसाद देऊ लागतात, असे एक अनुमान आहे. उंदरांवरील एका संशोधनात, पहिल्या गर्भारपणाच्या खुणा स्तनग्रंथीच्या पेशींतील जनुकांच्या नियंत्रणावर टिकून राहतात व दुसऱ्या वेळी त्या ग्रंथी अधिक त्वरेने कामाला लागतात, असे २०१५ मध्ये आढळून आले. आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. पहिलारू गाय विकत घेताना ‘दुसऱ्या वेताला दूध वाढेल’ हा हिशेब तो पिढ्यान् पिढ्या करीत आला आहे. गोठ्यात जे सहज मान्य होते ते घरातील सुनेबाबत मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि पहिल्या वेळी दूध कमी पडले म्हणून दुसऱ्या वेळी बाळ जन्मण्यापूर्वीच दुधाच्या भुकटीचा डबा आणून ठेवला जातो.

एक त्रास मात्र दुसऱ्या खेपेला वाढतो. बाळ अंगावर पिऊ लागले की गर्भाशय आकुंचन पावते आणि पोटात कळा येतात. पहिलटकरणीला त्या फारशा जाणवत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणानंतर त्या चांगल्याच तीव्र असतात. गर्भाशय पूर्ववत होण्यास व रक्तस्राव कमी होण्यास त्या उपकारक आहेत आणि काही दिवसांत आपोआप थांबतात, एवढे आधी सांगून ठेवले तर माता घाबरून बाळाला दूर करीत नाही.

पहिल्या वेळची आठवण

पहिल्या बाळाच्या वेळी दूध ‘पुरले नाही’ असे सांगणाऱ्या मातांची हकिगत बारकाईने ऐकली तर बहुधा एकच साखळी दिसते. पाजण्यास उशीर झालेला असतो. बाळाने स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग तोंडात न घेता केवळ स्तनाग्रच ओढल्यामुळे चिरा पडलेल्या असतात. बाळ रडते म्हणून कुणीतरी बाटली दिलेली असते. बाटलीने पोट भरलेले बाळ कमी ओढते आणि जेवढे दूध ओढले जाते तेवढेच नवीन तयार होत असल्यामुळे अंगावरचे दूध खरोखरच कमी होते. हा दोष मातेच्या शरीराचा नसतो, सुरुवातीच्या चार-आठ दिवसांतील चुकीचा असतो. शरीरच असमर्थ असण्याची उदाहरणे थोडी असतात. तरीही पहिल्या वेळी लवकर थांबलेली माता दुसऱ्या वेळीही लवकर थांबते, किंवा प्रयत्नच करीत नाही, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

म्हणूनच गरोदरपणाच्या तपासणीतच दुसऱ्या खेपेच्या स्त्रीला तीन गोष्टी विचारणे अगत्याचे आहे: थोरले मूल किती महिने अंगावर प्याले, ते का थांबले, आणि वरचे दूध सुरू करण्याचा सल्ला कुणी दिला. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात अनेकदा सासू, शेजारीण किंवा एखादे डॉक्टरही निघतात. मग बोलायचे कुणाशी, हेही कळते.

पहिल्या वेळी सारे सुरळीत पार पडले असेल तर निराळाच धोका संभवतो. थोरल्याला मध चाटवला होता, गुटी दिली होती, चीक पिळून टाकला होता, तरी तो धडधाकट वाढला; मग धाकट्याला का नको, असा युक्तिवाद घरातून होतो. चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये विपुल असतात, म्हणून तो टाकणे म्हणजे बाळाची पहिली लस टाकून देण्यासारखेच आहे. मधामुळे एक वर्षाखालील बालकाला बोटुलिझम हा दुर्मीळ पण घातक विकार होऊ शकतो. गाय व्यायली की ज्या घरात खरवसाच्या वड्या कौतुकाने वाटल्या जातात, त्याच घरात मातेच्या चिकाला जड व अपायकारक समजावे, हा विरोधाभास बैठकांतून आवर्जून सांगण्यासारखा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बालकांचे देशातील प्रमाण ४१.८ टक्के आढळले; सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बालके केवळ अंगावरच्या दुधावर होती. प्रसूती रुग्णालयांत होऊ लागल्या, तरी पहिला तास अजून हाती आलेला नाही, असाच याचा अर्थ.

माहेर, सासर आणि शेत

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल आहे. तेथे आई असते, शेकशेगडी असते, अळिवाची खीर व डिंकाचे लाडू असतात. त्यांतील प्रत्येक पदार्थाने दूध वाढते की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी बाळंतिणीला पोटभर अन्न आणि सव्वा महिन्याची विश्रांती मिळते, हा त्या चालीचा खरा लाभ आहे. दुसरे बाळंतपण पुष्कळदा सासरीच होते. तेथे थोरले मूल पदराला लोंबत असते, पाणी भरायचे असते, पेरणी किंवा काढणी तोंडावर असते. दूध अधिक, पण पाजायला बसण्यास वेळ कमी, अशी ही स्थिती. पाजण्याच्या काळात पहिले सहा महिने दररोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरविलेले प्रमाण आहे. म्हणजे नेहमीच्या जेवणाखेरीज आणखी एका जेवणाची भर. ती भर सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या ताटात पडत नाही.

पगारी नोकरीतील स्त्रियांसाठी २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची रजा मान्य करण्यात आली. शेतमजूर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीला अशी रजा कोण देणार? तिच्यासाठी कामाच्या जागेजवळ सावली, पिण्याचे पाणी आणि बाळाला सांभाळणारे एक माणूस, एवढी सोय ग्रामपंचायतीला मनावर घेतल्यास करता येते.

थोरले मूल अंगावर असताना

थोरले मूल अजून पीत असताना दिवस राहिले की ‘दूध नासले’ असे म्हणून त्याला एकाएकी तोडले जाते. स्तनाला कडुनिंबाचा रस लावतात, मुलाला आजोळी पाठवितात. वास्तविक गर्भारपणात दूध नासत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास ते कमी होते आणि शेवटी त्याचा पुन्हा चीक होतो. मातेची प्रकृती ठीक असेल, पूर्वी अकाली प्रसूती झालेली नसेल व रक्तस्राव नसेल, तर हळूहळू दूध कमी करण्यास हरकत नाही. नंतर दोन्ही मुले पीत असली तर नवजात बाळाचा हक्क पहिला.

अर्थात, दोन मुलांत पुरेसे अंतर असले तर हा प्रसंग सहसा येत नाही. एका प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. अंगावर पाजण्याने पाळी लांबते, हे आपल्या आजीबाईंना ठाऊकच होते. इटलीतील बेलाजिओ येथे १९८८ साली जमलेल्या तज्ज्ञांनी त्याला नेमकेपणा दिला: बाळ सहा महिन्यांच्या आतील असेल, रात्रंदिवस केवळ अंगावरच पीत असेल आणि पाळी आलेली नसेल, तर गर्भधारणेपासून ९८ टक्के संरक्षण मिळते. तिन्हींपैकी एक अट सुटली की मात्र दुसरे साधन घेतलेच पाहिजे.

दुसरी मुलगी

हेच नैसर्गिक नियंत्रण एका वेगळ्या मार्गाने मुलींच्या मुळावर येते. सीमा जयचंद्रन व इलियाना कुझिएम्को या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकडेवारीचा अभ्यास करून २०११ साली असे दाखविले की, पुढच्या क्रमांकाच्या मुलांना सामान्यतः अधिक काळ पाजले जाते, कारण कुटुंब पूर्ण होत आलेले असते. मुलींना मात्र मुलांपेक्षा कमी काळ पाजले जाते, आणि घरात अजून मुलगा नसेल तर हा काळ आणखी घटतो. मुलगा हवा म्हणून लवकर दिवस राहावेत अशी इच्छा असते. म्हणून दूध तोडले जाते, किंवा दिवस राहिले म्हणून तुटते. त्या मुलीविषयी कुणाच्या मनात द्वेष असेलच असे नाही. परंतु जेथे पाणी दूषित आहे तेथे अंगावरचे दूध लवकर तुटलेले मूल अतिसाराला बळी पडते, आणि ते मूल मुलगी असते. ज्या मातेला दुसऱ्या वेळी दूध अधिक आहे, तिच्याच कुशीत हा प्रकार घडावा, हे विशेष खेदजनक आहे.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी झाल्यास ६,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. या अर्जाच्या निमित्ताने आशा किंवा अंगणवाडी सेविका अशा घरात जातेच. त्या वेळी मुलगी अंगावर पिते आहे ना, आणि पुढील गर्भधारणा लांबविण्यासाठी काय ठरले आहे, हे विचारण्यास वेगळा खर्च लागत नाही.

रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी जावे, असे ठरलेले आहे. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसरात्रीत सहा वा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येत असेल, तर दूध पुरत आहे असे समजावे. बाळाच्या रडण्यावरून तो निर्णय करू नये. ‘हिचे दुसरे आहे, हिला काय सांगायचे’ म्हणून तिसऱ्या दिवसाची भेट पुढे ढकलण्याची प्रवृत्ती असते. वरचे दूध सुरू करण्याचा निर्णय घरात होतो, तो पुष्कळदा त्याच दिवशी.