बिल्डरने भरलेले पैसे आमच्या गल्लीत का दिसत नाहीत?

प्रश्न : आमच्या कोथरूडच्या गल्लीत पूर्वी सगळ्या तीन-चार मजली सोसायट्या होत्या. आता एकेक करून त्यांचा पुनर्विकास चालला आहे. बारा फ्लॅटच्या जागी चाळीस फ्लॅट होतात. पाण्याची लाइन तीच, ड्रेनेज तेच, रस्ता तोच. विचारलं की बिल्डर म्हणतो, ‘आम्ही महापालिकेत कोटभर रुपये भरलेत.’ मग ते पैसे जातात कुठे? इंग्लंडमध्ये राहणारी माझी भाची सांगते, तिच्याकडे नवी वसाहत झाली तेव्हा बिल्डरकडून शाळेसाठी पैसे घेतले. आपल्याकडे असा नियमच नाही का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बिल्डर खोटं बोलत नाही आणि तुमचीही तक्रार खोटी नाही. पैसे भरलेले असतात, तरी गल्लीत काही बदलत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते पाहू.

आधी नियमाचं. नियम आहे, आणि चांगला जुना आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. बांधकाम क्षेत्रातली माणसं त्याला ‘एमआरटीपी’ म्हणतात. त्यात १९९२ साली विकास शुल्काचं प्रकरण घातलं गेलं. त्यामागचा विचार सरळ आहे. इमारत उभी राहिली की वस्तीवर भार पडतो, म्हणून बांधणाऱ्याने त्यापोटी काही भरावं आणि स्थानिक संस्थेने ते वेगळ्या विकास निधीत ठेवून सार्वजनिक सुविधांवर खर्च करावं. कागदावर हे तुमच्या भाचीच्या गावासारखंच झालं.

आता बिल्डरच्या त्या ‘कोटभर’ रुपयांकडे येऊ. बांधकाम परवानगीच्या वेळी जे चलन निघतं, ते एकदा नीट वाचून पाहावं. त्यात छाननी शुल्क असतं, विकास शुल्क असतं, राडारोड्याचे पैसे असतात, ड्रेनेज जोडणीचे असतात, बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार कल्याण उपकर असतो (तो मजुरांसाठी; तुमच्या गटाराशी त्याचा संबंध नाही), आणि शेवटी प्रीमियम नावाची एक भलीमोठी रक्कम असते. चलनाची बेरीज डोळ्यांत भरते ती बहुधा या प्रीमियममुळे.

विकास शुल्क आणि प्रीमियम एकच समजणं, हा यातला सर्वांत मोठा गैरसमज. विकास शुल्क हे सुविधांवर पडणाऱ्या भारापोटी आहे. निवासी इमारतीला ते रेडी रेकनरमधल्या जमिनीच्या दराच्या २ टक्के या हिशेबाने बांधकाम क्षेत्रावर लागतं, व्यापारी वापराला दुप्पट. समजा, जमिनीचा दर चौरस मीटरला ४०,००० रुपये आहे आणि बांधकाम ४,००० चौरस मीटर आहे. २ टक्के म्हणजे मीटरमागे ८०० रुपये, एकूण ३२ लाख. चाळीस फ्लॅटांत वाटले तर फ्लॅटमागे ८०,०००, तेही आयुष्यात एकदाच. एवढ्यात त्या कुटुंबाच्या वाट्याची पाण्याची टाकी, मैलापाणी शुद्धीकरण, रस्ता, बालवाडी आणि अग्निशमन केंद्र बसवायचं! मेट्रोसारखा मोठा वाहतूक प्रकल्प असेल तिथे शासन हे शुल्क दुप्पट करू शकतं. पण तो वाढीव भाग मेट्रोसाठी असतो, गल्लीसाठी नव्हे.

प्रीमियम म्हणजे जादा एफएसआयची किंमत. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त बांधायचं असेल तर तो हक्क पैसे देऊन घ्यावा लागतो. जिना, बाल्कनी, लॉबी यांसाठी जो ‘ॲन्सिलरी’ एफएसआय मिळतो, त्यालाही प्रीमियम लागतो. हा पैसा महापालिकेच्या तिजोरीत जातो, काही बाबतींत त्यात राज्य सरकारचाही वाटा असतो. सुविधांवर किती भार पडेल हे मोजून तो ठरवलेला नसतो. पुरावा हवा असेल तर २०२१ सालचं उदाहरण घ्या. टाळेबंदीनंतर बांधकाम क्षेत्राला उठाव मिळावा म्हणून राज्य सरकारने त्या वर्षापुरते प्रीमियम निम्मे केले. अट एवढीच, की सवलत घेणाऱ्याने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरायचं. त्या वर्षी गटारं आणि शाळा काही निम्म्या दरात बांधून मिळत नव्हत्या. प्रीमियम हे बाजाराला गती देण्याचं किंवा आवर घालण्याचं साधन आहे, आणि महापालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार. अंदाजपत्रकात बांधकाम परवानगीच्या उत्पन्नाचा आकडा किती ठळक असतो ते पाहिलं, की परवानग्या आटल्या तर महापालिकेला घाम का फुटतो ते समजतं.

मग विकास शुल्क तरी तुमच्या गल्लीत यायला हवं होतं ना? तिथे दुसरी अडचण आहे. कायद्याने निधी वेगळा ठेवायला सांगितलं आहे, पण ज्या गल्लीतून पैसे आले त्याच गल्लीत खर्च करा, असं बंधन घातलेलं नाही. लग्नातल्या आहेराच्या पाकिटांसारखं हे आहे. प्रत्येक पाकिटावर नाव असतं, पण आतली नोट कार्यालयाच्या बिलात जाते की केटररच्या, ते देणाऱ्याला कधी कळत नाही. कोथरूडमधून आलेले पैसे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पुलावर लागले, तर त्यात बेकायदा काही नाही.

तुमची भाची सांगते तो फरक नेमका इथेच आहे. इंग्लंडमध्ये १९९० च्या नगररचना कायद्यातल्या कलम १०६ नुसार परवानगी देतानाच स्थानिक परिषद बिल्डरशी करार करते. मागणी त्या बांधकामासाठी आवश्यक हवी, त्याच्याशी थेट निगडित हवी आणि आकाराने वाजवी हवी, अशा तीन कसोट्या आहेत. त्यामुळे ‘या शाळेत इतके वर्ग वाढवण्यासाठी’ असा पैसा नाव घालून घेता येतो, आणि बऱ्याच करारांत ठरल्या मुदतीत न वापरलेले पैसे परत करण्याचीही अट असते. शिवाय २०१० पासून तिथे पायाभूत सुविधांसाठी एक सरसकट आकारणीही आहे. ती लावायची की नाही, हे ज्या त्या परिषदेने ठरवायचं. त्या आकारणीतला १५ टक्के वाटा बांधकाम झालं त्या परिसरासाठी राखलेला असतो, आणि परिसराने स्वतःचा विकास आराखडा मंजूर करून घेतला असेल तर २५ टक्के. म्हणजे तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही. ‘इतकं दिलं तर प्रकल्प परवडत नाही’ असं सांगून बिल्डर तिकडेही घासाघीस करतात, आणि बऱ्याचदा ते मान्यही होतं. पण पैशावर पत्ता लिहिलेला असतो, एवढं खरं.

आपल्या पद्धतीचा भर मात्र पैशापेक्षा जमिनीवर आहे. हे फार लोकांच्या ध्यानात येत नाही. पैसा कुठेही जाऊ शकतो, जमीन जाऊ शकत नाही. ती तुमच्या शेजारीच राहते. म्हणून राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, जी २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई वगळता बहुतेक ठिकाणी लागू आहे, मोठ्या भूखंडांवर जमिनीची अट घातली आहे. जागा ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा जास्त असेल, तर १० टक्के खुली जागा सोडावी लागते. दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांत तेवढ्याच मोठ्या जागेवर २० टक्के क्षेत्र ३० ते ५० चौरस मीटरच्या छोट्या घरांसाठी ठेवावं लागतं, आणि ती घरं म्हाडाच्या सोडतीतून जातात. आणखी मोठ्या प्रकल्पांत शाळा, दवाखाना, बाजार यांसाठी सुविधा क्षेत्र सोडण्याची वेगळी अट आहे. यातली १० टक्के खुली जागा त्या प्रकल्पातल्या रहिवाशांची असते, गावाची नव्हे. तिथे फिरायला गेलात तर वॉचमन हटकतो, आणि नियमाने त्याचंच बरोबर आहे.

आता तुमच्या गल्लीतल्या सोसायट्या आठवा. एकेकीचा भूखंड हजार-बाराशे चौरस मीटरचा. म्हणजे एकही एकराला पोचत नाही. खुली जागा नाही, सुविधा क्षेत्र नाही, छोटी घरं नाहीत. हीच माणसं एका मोठ्या गृहप्रकल्पात राहायला आली असती तर कायद्याने जमीन मागितली असती. दहा भूखंडांवर दहा बिल्डरांनी आणली, म्हणून मागितली नाही. प्रत्येक इमारत स्वतंत्रपणे नियमात बसते. भार मात्र सगळ्यांचा मिळून एकाच ड्रेनेज लाइनवर येतो. तुमच्या कोड्याचं उत्तर माझ्या मते मुख्यतः इथे आहे. हा दोष बिल्डरचा नाही. उंबरठा भूखंड पाहून ठरवला आणि भार मात्र गल्लीवर येतो, हा दोष नियमाचा आहे.

रस्त्याबाबत मात्र कायदा जरा जागा आहे. किती जादा एफएसआय मिळेल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि ९ मीटरच्या आतल्या रस्त्यावर पदरात फारसं काही पडत नाही. हेतू चांगला : रस्ता अरुंद तर माणसं कमी. पण पुण्यात याचा उलटा अर्थ लावला गेला. २०२० मध्ये शहरातले ६ मीटरचे कित्येक रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव आला आणि त्यावर बराच गदारोळ झाला. इमारत रस्त्याच्या मापाने बेतायची, की रस्ताच इमारतीच्या मापाने ओढायचा, असा तो वाद होता.

जमिनीची आणखी एक गंमत आहे, तिचं नाव टीडीआर. विकास आराखड्यात एखाद्या जागेवर शाळा किंवा मैदानाचं आरक्षण असेल, तर बिल्डरने ती शाळा फुकट बांधून द्यायची, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. जागा मिळवायची तर महापालिकेला मोबदला द्यावा लागतो. रोख परवडत नाही, म्हणून विकास हक्क दिले जातात, आणि ते दुसरीकडे वापरता किंवा विकता येतात. मुंबईत हे १९९१ च्या नियमावलीने आलं. शहर भागातून निघालेला टीडीआर तेव्हा शहरात वापरता येत नसे. तो उपनगरात, उत्तरेकडे न्यावा लागे. मैदान किंवा रस्ता मिळाला एका वॉर्डाला आणि त्याच्या मोबदल्यातले मजले चढले दुसऱ्याच वॉर्डात. एका ठिकाणच्या सुविधेची किंमत दुसऱ्या ठिकाणच्या सुविधांनी चुकवली. पुढे २०१६ मध्ये टीडीआरला जमिनीच्या दरांची सांगड घातली गेली, त्यामुळे स्वस्त भागातला हक्क महाग भागात नेऊन भरमसाट बांधकाम करणं अवघड झालं. मजले दुसऱ्याच वस्तीत चढण्याचा प्रश्न मात्र तसाच आहे. (जागामालकाने सुविधा बांधून महापालिकेला द्यायची आणि उरलेल्या जागेवर स्वतःचं बांधकाम करायचं, अशीही एक तरतूद आहे. ती मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते, कारण सुविधा जिथली तिथेच राहते.)

पाण्याचा मार्ग आणखी वेगळा. शहराच्या कडेला वाढणाऱ्या भागांत परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घेतलं जातं : महापालिकेचं पाणी येईपर्यंत तो स्वतःच्या खर्चाने पाणी पुरवेल. व्यवहारात हा खर्च म्हणजे टँकर. सोसायटीचा ताबा रहिवाशांकडे आला की ते बिलही त्यांच्याकडे येतं, आणि हमीपत्र फाइलमध्ये राहतं. फ्लॅट घेताना पार्किंगची जितकी चौकशी होते, त्याच्या निम्मी या कागदाची व्हावी असं मला वाटतं.

आणि सुविधा अगदीच कोलमडल्या तर? तेव्हा न्यायालय मध्ये पडतं. कचऱ्याची विल्हेवाट नियमाप्रमाणे होत नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीत आणि २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईत नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या होत्या. मुंबईतली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या मार्चमध्ये अटींवर सैल केली. शुल्क सगळ्यांनी वेळेवर भरलेलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

‘हे सगळे पैसे शेवटी फ्लॅट घेणाऱ्याच्याच बोकांडी बसतात’ असं म्हणायची पद्धत आहे. ते अर्धंच खरं. फ्लॅटचा भाव बाजार ठरवतो. शेजारची इमारत ज्या भावाने विकते त्याहून फार वर जाता येत नाही. म्हणून बिल्डर हिशेब उलटा मांडतो : विक्रीतून येणाऱ्या रकमेतून बांधकाम, व्याज, शुल्कं आणि नफा वजा करून उरेल ते जमिनीला. शुल्क आधीपासून माहीत असेल तर ते जमिनीच्या मोबदल्यातून कापलं जातं. पुनर्विकासात जमीनमालक म्हणजे सोसायटीचे सभासद. म्हणजे प्रीमियम वाढला की तुम्हाला मिळणारा जादा कार्पेट एरिया किंवा कॉर्पस आकसतो. करार झाल्यावर अचानक वाढला तर मात्र तो बिल्डरच्या अंगावर येतो, आणि मग काम रेंगाळतं. काम होईपर्यंत बिल्डरकडून मिळणारं भाडं थकू लागलं, तर हेही एक कारण असू शकतं.

तुमच्या हातात काय आहे? चलनापेक्षा आराखडा पाहा. तुमच्या भागाचा विकास आराखडा महापालिकेत पाहायला मिळतो. घरापासून चालत जाता येईल एवढ्या टापूत शाळा, बाग, दवाखाना यांची कोणती आरक्षणं आहेत आणि त्यांतली किती ताब्यात आली, एवढी यादी सोसायटीने करून ठेवावी. प्रकल्पाच्या परवानगीतल्या अटी वाचायच्या तर नोंदणीकृत प्रकल्पांची कागदपत्रं महारेराच्या संकेतस्थळावर असतात. तुमच्या भागात जमा झालेलं विकास शुल्क आणि त्याच्या खर्चाचे तपशील माहितीच्या अधिकारात मागता येतात. आणि वर्तमानपत्रातल्या बारीक टाइपातल्या जाहीर सूचनांवर नजर ठेवा. आरक्षण बदलायचं असेल तर कलम ३७ खाली महापालिकेला सूचना प्रसिद्ध करून एक महिना हरकती मागवाव्या लागतात. हरकत साध्या कागदावर लिहून देता येते, त्याला वकील लागत नाही. दिलेल्या अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, आणि सुनावणीची तारीख आली तर सोसायटीतल्या चौघांना बरोबर घेऊन जा.