पाय आपले, पैसा परक्याचा, वाट रानाची

बेलूर हे नाव कानी पडताच वाचकांच्या डोळ्यांपुढे होयसळ राजांची शिल्पे उभी राहतात. आमचे बेलूर ते नव्हे. धारवाडाहून बेळगावकडे जाणाऱ्या महामार्गालगतचे हे आमचे गाव कारखान्यांचे. सायकल येथे पोटापाण्याचे वाहन आहे. कामगार तिच्यावरून पाळीला जातो, मुले तिच्यावरून शाळेला येतात. परंतु याच साध्या वाहनावर बसून काही माणसे सात-आठ दिवस डोंगर चढतात, राष्ट्रीय उद्याने ओलांडतात आणि त्या श्रमांच्या निमित्ताने रुग्णांसाठी किंवा निराधारांसाठी निधी जमवितात. अशा परोपकारार्थ सफरीचा थोडा अभ्यास करावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. या विषयात यंत्रशास्त्र आहे, शरीरशास्त्र आहे, अंकगणित आहे. आणि या तिन्हींच्या मुळाशी विश्वासाचा एक प्रश्न आहे.

विद्यार्थी साहजिकच विचारतील, “पैसाच द्यावयाचा तर तो घरी बसून द्यावा. त्यासाठी घाट कशाला चढावयाचा?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या परंपरेत शोधावे लागते. सार्वजनिक कार्यासाठी दारोदार जाण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. उत्तर कर्नाटकातील मठांनी झोळी फिरवून गरीब विद्यार्थ्यांच्या भोजनाची सोय केली. महर्षी कर्वे यांनी आपला आश्रम १९०० साली पुण्याजवळच्या हिंगण्याला नेला. तेथून फर्ग्युसन महाविद्यालयात शिकविण्यासाठी ते पायी जात आणि आश्रमासाठी वर्गणीही गोळा करीत. मागणारा स्वतः कष्ट सोसतो, हे देणाऱ्याला दिसले की त्याचा हात सैल होतो. शिवाय चालत किंवा सायकलीवरून जाणाऱ्या माणसाला वाटेत थांबवून “कोठे निघालात?” असे कोणीही विचारू शकतो. मोटारीतल्या माणसाला कोण विचारणार? त्या एका प्रश्नातूनच कार्याची वार्ता गावोगाव पोहोचते.

हे सामर्थ्य बाबा आमटे यांनी ओळखले होते. डिसेंबर १९८५ मध्ये त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होत्या. बाबांनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे त्यांना बसणेही अशक्य झाले होते, म्हणून ते वाहनात आडवे पडून बरोबर होते. सुमारे पाच हजार किलोमीटरांच्या त्या प्रवासाचा हेतू राष्ट्रीय ऐक्य हा होता, निधी हा नव्हे. तथापि सायकलींचा ताफा गावात शिरला की गाव ऐकावयास जमतो, हे त्या यात्रेने महाराष्ट्रालाच काय, साऱ्या देशाला दाखवून दिले.

निधीसाठी सायकल चालविण्याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० साली ३६ सायकलस्वारांनी कर्करोगावरील संशोधन व उपचार यांसाठी राज्य ओलांडले आणि सुमारे १०,२०० डॉलर जमविले. ‘पॅन-मास चॅलेंज’ या नावाने ती सफर पुढे दरवर्षी होत राहिली आणि २०२४ पर्यंत तिने जमविलेला एकूण निधी शंभर कोटी डॉलरांच्या पलीकडे गेला. आपल्या भागाकडे वळल्यास २००८ साली सुरू झालेली ‘टूर ऑफ निलगिरीज’ ही सफर डोळ्यांत भरते. सात-आठ दिवसांत सुमारे आठ-नऊशे किलोमीटर असा तिचा विस्तार असतो. कर्नाटक, केरळ व तमिळनाडू यांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, तो निलगिरीचा मुलूख हे तिचे क्षेत्र. आणि सेवासंस्थांसाठी निधी जमविणारे स्वारही तीत सहभागी होत आले आहेत. आता या सफरीच्या तीन अंगांचा क्रमाने विचार करू.

पहिले अंग : पाय

मुदुमलै अभयारण्यालगतच्या मसिनगुडी गावाहून उटीला जाणारा कल्हट्टी घाट सायकलस्वारांत प्रसिद्ध आहे. या घाटात ३६ तीव्र वळणे आहेत. मसिनगुडीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ९५० मीटर, तर उटीची सुमारे २,२४०. म्हणजे एकाच दमात जवळजवळ १,३०० मीटर वर जावयाचे. स्वाराचे वजन ७० किलो आणि सायकल व सामान मिळून १५ किलो धरले, तर ८५ किलोंचा भार उचलावा लागतो. वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण व उंची यांचा गुणाकार केला की सुमारे १० लाख ८३ हजार ज्यूल, म्हणजे सुमारे २६० किलोकॅलरी एवढे कार्य होते.

पण आपले शरीर हे काही काटकसरी यंत्र नव्हे. अन्नातील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा स्नायूंच्या कार्याला लागतो. बाकीची उष्णतेच्या रूपाने निघून जाते. म्हणून केवळ चढाईसाठीच स्वाराला सुमारे १,००० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. एका ज्वारीच्या भाकरीला ५० ग्रॅम पीठ लागते असे मानले तर तिच्यापासून सुमारे १७० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे हा घाट सहा भाकऱ्यांचा झाला! वाया जाणारी उष्णता घामावाटे बाहेर पडते. त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी व किंचित मीठ-साखर घ्यावी लागते.

चढावर सायकलीचे दातेरी चक्र कसे मदत करते तेही पाहू. साध्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ व मागच्या चक्राला १८ दाते असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे उत्तम. घाटात मात्र गुडघे बोलू लागतात. गिअरच्या सायकलीत पुढे ३४ व मागेही ३४ दाते घेतले, तर एका फेऱ्यात ती दोन मीटरांहून थोडीच अधिक सरकते. कष्ट एकूण तितकेच, पण ते लहान लहान हप्त्यांनी फेडता येतात. कर्जाची सवलत जशी असते, तशीच ही यंत्राने दिलेली सवलत होय.

चढापेक्षा उतार फसवा. वेग ताशी २० किलोमीटरांवरून ४० झाला की गतिज ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. थांबण्यास लागणारे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून वळणाच्या आत शिरण्यापूर्वीच वेग आवरावा, वळणात शिरल्यावर नव्हे.

दुसरे अंग : वाट

म्हैसूरहून उटीला जाणारा रस्ता बंडीपूर व मुदुमलै या दोन लागून असलेल्या अरण्यांतून जातो. व्याघ्र प्रकल्प १९७३ साली सुरू झाला, तेव्हा प्रथम निवडलेल्या नऊ अरण्यांत बंडीपूर होते. मुदुमलै येथे १९४० सालीच अभयारण्य झाले होते. हा सारा प्रदेश १९८६ साली स्थापन झालेल्या निलगिरी जीवावरण राखीव क्षेत्राचा भाग आहे. हत्ती, गवे, चितळ, रानकुत्रे आणि वाघ यांची ही वसतिस्थाने. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे रान त्यांच्या दृष्टीने एकच असते; मधली डांबरी पट्टी ही माणसाची कल्पना. रात्री भरधाव वाहनांखाली प्राणी चिरडले जाऊ लागले, म्हणून बंडीपुरातून जाणाऱ्या दोन महामार्गांवर रात्री ९ पासून सकाळी ६ पर्यंत वाहतूक बंद ठेवण्याचा नियम २००९ साली लागू झाला.

सायकल आवाज करीत नाही, हा तिचा गुण म्हणून आपण वाखाणतो. रानात मात्र तोच गुण धोक्याचा ठरू शकतो. मोटारीची चाहूल हत्तीला दुरून लागते. मुकाट्याने वळणावर उगवलेली सायकल त्याला अगदी जवळ येऊन दचकविते. दचकलेला प्राणी एक तर पळतो, नाही तर अंगावर येतो. यास्तव रानात एकट्याने पुढे धावू नये, सर्वांनी मिळून चालावे, छायाचित्रासाठी थांबू नये आणि फळांच्या साली टाकू नयेत. सालींच्या मोहाने माकडे रस्त्यावर येतात व वाहनांखाली सापडतात. वनखात्याने एखाद्या टप्प्यात सायकलीस मनाई केली असेल, तर सायकल गाडीत चढवावी आणि निमूटपणे रान ओलांडावे. यात कमीपणा नाही. पाहुण्याने यजमानाच्या घराची रीत पाळावी, एवढाच याचा अर्थ.

तिसरे अंग : पैसा

आता अंकगणिताकडे येऊ. समजा, २० स्वारांनी प्रत्येकी १०,००० रुपये जमविले. एकूण २ लाख झाले. भोजन, निवास व सोबतची वाहने यांस १ लाख २० हजार लागले आणि तेही त्याच निधीतून दिले, तर सेवाकार्यास उरले ८० हजार. देणाऱ्याने मात्र आपला रुपया पूर्ण रुपया म्हणूनच रुग्णाकडे जाईल असे मानलेले असते! म्हणून उत्तम रीत अशी की प्रवासाचा खर्च स्वारांनी आपल्या खिशातून किंवा त्यासाठीच दिलेल्या साहाय्यातून करावा आणि लोकांनी दिलेली रक्कम अखंड पोहोचती करावी. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन सफरीत स्वारांनी जमविलेली पूर्ण रक्कम रुग्णालयाकडे जाते, ती याच पद्धतीने. निधीचे खाते वेगळे, प्रत्येक रकमेची पावती, आणि सफर संपल्यावर जाहीर हिशेब, ही तीन पथ्ये जो पाळील त्याच्याकडे लोक दुसऱ्या वर्षी आपण होऊन येतील.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. काही देणगीदार दर किलोमीटरला अमुक रुपये असे वचन देतात. वरवर पाहता हे न्याय्य वाटते. जितके श्रम तितके दान. पण विचार करा : मनाई असलेल्या ३० किलोमीटरांत स्वार गाडीत बसला, तर तेवढे दान बुडणार. सायंकाळ होत आली आहे, रस्ता बंद होण्याची वेळ जवळ आली आहे, आणि मागे एका आजारी मुलाच्या औषधाचे पैसे किलोमीटरांत मोजले जात आहेत. अशा वेळी चांगल्या मनाचा स्वारच नियम मोडण्यास आधी प्रवृत्त होईल! करुणाच त्याला रानाचा अपराधी बनवील. ही पेचाची स्थिती त्याच्या धैर्याने सुटावयाची नाही. ती वचन देते वेळीच टाळली पाहिजे. दान ठरावीक रकमेचे असावे, किंवा रान, वादळ व आजार यांमुळे सोडलेले अंतर पुरे धरले जाईल असे आधीच ठरवावे. चांगले काम चांगल्या नियमांवाचून टिकत नाही, ही शिकवण येथे स्पष्ट दिसते.

आपल्या दाराशी

निलगिरी दूर आहे असे वाटेल. पण घाटातले रान आपल्या दाराशीही आहे. धारवाडाहून हल्याळमार्गे दांडेली सुमारे ५५ किलोमीटर. तेथे १९५६ साली अभयारण्य झाले, पुढे अणशी येथे राष्ट्रीय उद्यान झाले, दोन्ही मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्पात आली आणि २०१५ साली त्या क्षेत्रास काळी नदीचे नाव मिळाले. धनेश पक्ष्यांसाठी दांडेली प्रसिद्ध आहे. दांडेलीहून जोयडा, जोयड्याहून अणशी, आणि घाट उतरून कारवार, अशी तीन दिवसांची सफर कागदावर सहज आखता येते. सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरील धारवाडाहून निघालेला स्वार समुद्राच्या पातळीवर पोहोचतो. त्या वाटेवर कन्नड मागे पडत जाते आणि जोयड्याच्या परिसरात कुणब्यांची कोकणी कानी येऊ लागते. आमच्यासारख्या कोकणी बोलणाऱ्यास ती घरची हाक वाटते.

आपल्या शाळेतील मुले वयाने लहान आहेत. त्यांनी लगेच सायकली काढाव्यात असे आमचे म्हणणे नाही. पण नकाशा आखणे, चढ मोजणे, परवानग्यांची यादी करणे आणि हिशेबाची वही मांडणे हे आजच करता येईल. सायकलस्वाराच्या मालकीचे असे या सफरीत फार थोडे असते. पाय तेवढे त्याचे. पैसा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे चाललेला असतो आणि तो वाटेत केवळ त्याच्या हाती ठेवलेला असतो. वाट तर रानाची असते. या दोन ठेवी ज्याने सांभाळल्या, त्याच्या पायांचे कष्ट सत्कारणी लागले असे समजावे.

स्वाध्याय

१. तुमचे व तुमच्या सायकलीचे वजन घेऊन ५०० मीटर चढण्यास लागणारी ऊर्जा काढा. त्यासाठी किती भाकऱ्या लागतील?

२. तुमच्या सायकलीच्या दोन्ही चक्रांचे दाते मोजा व पायडलच्या एका फेऱ्यात ती किती पुढे जाते ते प्रत्यक्ष मोजून पडताळा.

३. धारवाड ते कारवार या तीन दिवसांच्या सफरीचा खर्च व निधी यांचे दोन वेगळे तक्ते तयार करा.

४. रान बंद होण्यास पाऊण तास उरला आहे, वाट एक तासाची आहे, आणि तुमच्या सोबत्याला दर किलोमीटरला दान मिळणार आहे. तुम्ही त्याला काय सांगाल? घरी वडील माणसांशी चर्चा करून उत्तर लिहा.